केळ्यांच्या जहाजांतून आलेले पाहुणे

कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाची माहिती दोन ठिकाणीं सांपडते. एक, प्रवाशांसाठीं छापलेल्या सचित्र पत्रकांत. आणि दुसरी, त्या स्थळाच्या जुन्या दप्तरांत. पत्रकांत काय पाहावें हें सांगितलेलें असतें. तें तेथें कसें आलें हें दप्तर सांगतें. या दोहोंचा मेळ घालण्याचे श्रम प्रवासी सहसा घेत नाहीं, आणि त्यानें ते घ्यावे अशी पत्रकें छापणारांचीही फारशी इच्छा नसते. कॅरिबियन समुद्रांतील जमैका बेटाचा वृत्तांत वाचतांना आम्हांस ही गोष्ट विशेष जाणवली. म्हणून तिचा थोडासा ऊहापोह येथें करण्याचें योजिलें आहे.

क्यूबाच्या दक्षिणेस असलेलें हें बेट सुमारें १४६ मैल लांब असून त्याची रुंदी जास्तींत जास्त ५१ मैल आहे. पूर्वेकडील ‘ब्लू माउंटन’ पर्वताचें शिखर ७,४०२ फूट उंच आहे. १४९४ सालीं कोलंबस येथें उतरला. १६५५ पर्यंत स्पेनचा आणि पुढें ६ ऑगस्ट १९६२ पर्यंत इंग्लंडचा अंमल राहिला. आज येथें येणाऱ्या पाहुण्याचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. ओचो रिओस गांवाजवळ डन्स रिव्हरचा धबधबा पायऱ्यापायऱ्यांनीं समुद्रांत उतरतो. तो माणसांनीं एकमेकांचे हात धरून, साखळी करून चढावयाचा. रिओ ग्रँड नदींत बांबूच्या तराफ्यावर बसून दोनतीन तास संथ वाहत जावयाचें. माँटेगो बे येथें डॉक्टर्स केव्ह नांवाच्या किनाऱ्यावर समुद्रस्नान करावयाचें, जवळचा रोझ हॉल हा जुना वाडा पाहावयाचा, आणि अकी नांवाचें फळ व खारवलेला मासा यांची न्याहारी करून वर डोंगरांतली कॉफी प्यावयाची. यांत आक्षेप घेण्यासारखें कांहींच नाहीं. परंतु यांतील बहुतेक मौजेच्या जागा एके काळीं कोणाच्या तरी कष्टाच्या जागा होत्या, आणि ज्यांनीं ते कष्ट उपसले त्यांच्याच वंशजांस या मौजेच्या दारांतून आंत येण्यासाठीं झगडावें लागलें. हें ध्यानांत घेतल्यावांचून या बेटाचें खरें दर्शन घडलें असें म्हणतां येणार नाहीं.

अठराव्या शतकांत हवा खाण्यासाठीं जमैकास जाण्याची कल्पना कोणाही युरोपियनास वेडेपणाचीच वाटली असती. पीतज्वरानें तेथें गोऱ्या शिपायांचीं पथकेंच्या पथकें गारद होत. जे जात ते साखरेच्या लोभानें जात, आणि ती साखर पिकविण्याचें काम आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांकडून करून घेतलें जाई. १ ऑगस्ट १८३४ रोजीं गुलामगिरी कायद्यानें रद्द झाली. पण उमेदवारीच्या नांवाखालीं सक्तीचें काम चालूच राहिलें, आणि खरी मोकळीक १ ऑगस्ट १८३८ रोजीं मिळाली. पुढें १८४६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें वसाहतींच्या साखरेस असलेली जकातीची सवलत काढून घेण्यास आरंभ केला, आणि मळ्यांमागून मळे बुडूं लागले. सुटलेल्या लोकांपैकीं अनेकांनीं डोंगरउतारावर जमिनीचे लहान लहान तुकडे मिळविले आणि त्यांत आपल्या पोटापुरतीं कंदमुळें व केळीं लावलीं. साखरेच्या मळेवाल्यांस केळें हें गरिबांचें हलकें पीक वाटे.

या हलक्या पिकानेंच बेटाचें नशीब पालटलें. १८७० सालीं लोरेंझो डाऊ बेकर नांवाच्या मॅसॅच्युसेट्समधील एका कप्तानानें आपल्या ‘टेलिग्राफ’ गलबतांत हिरव्या केळ्यांचे १६० घड भरून नेले. एक शिलिंग देऊन घेतलेल्या घडाचे अमेरिकेंत दोनतीन डॉलर आले. पुढच्या पंधरा वर्षांत हा व्यापार इतका वाढला कीं १८८५ सालीं बोस्टन फ्रूट कंपनी निघाली, आणि १८९९ सालीं तिचेंच रूपांतर युनायटेड फ्रूट कंपनी या बलाढ्य संस्थेंत झालें. आतां गंमत अशी कीं, हीं जहाजें उत्तरेकडे जातांना केळ्यांनीं भरलेलीं असत. परंतु दक्षिणेकडे येतांना त्यांत आणण्यासारखें फारसें कांहीं नसे. ही रिकामी जागा भरण्यास बोस्टन-न्यूयॉर्कच्या हिंवाळ्यास कंटाळलेले सुखवस्तु लोक मिळाले. त्यांच्या मुक्कामासाठीं पोर्ट अँटोनिओ बंदरांत बेकरनें टिचफील्ड हॉटेल चालविलें. ज्याचीं केळीं त्याचेंच जहाज, आणि त्याचेंच हॉटेल! जमैकांतील प्रवासाच्या धंद्याचा हा उगम पाहिला म्हणजे, आरंभीचा पाहुणा हा केळ्यांच्या व्यापारांतला परतीचा माल होता असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सरकारही मग या कामीं पुढें सरसावलें. १८९० सालीं हॉटेलें बांधणारांच्या कर्जास सरकारी हमी देणारा कायदा झाला, आणि २७ जानेवारी १८९१ रोजीं किंग्स्टन शहरांत मोठें प्रदर्शन भरलें. पुढें पंचम जॉर्ज या नांवानें गादीवर आलेल्या राजपुत्राच्या हस्तें तें उघडण्यांत आलें. पीतज्वराचें बेट ही दुष्कीर्ति धुवून काढून आरोग्यदायक व उद्योगी जमैका जगास दाखवावें, हा त्यांतील हेतु होता. प्रदर्शनाचे दरवाजे बंद होईपर्यंत तीन लाखांहून अधिक हजेरी लागली. परंतु याच प्रसंगाची दुसरी एक आठवण आम्हांस अधिक बोलकी वाटते. खेड्यापाड्यांतील काळ्या लोकांत अशी भुमका उठली कीं, हें प्रदर्शन म्हणजे एक सांपळा आहे; आंत शिरलें कीं दरवाजे लावून घेतील आणि पुन्हां गुलाम करतील. शहरांतील सुशिक्षितांनीं या भोळेपणास हंसून घेतलें असेल. पण गुलामगिरी संपून तेव्हां अवघीं त्रेपन्न वर्षें झालीं होतीं. मळ्यावर राबलेलीं माणसें अद्याप घरोघरीं हयात होतीं. गोऱ्या साहेबानें उघडलेल्या दरवाजाविषयीं त्यांस संशय वाटला यांत नवल तें काय?

पाहुण्यास सर्वांत मोह पडतो तो बेटाच्या हिरवाईचा. नारळ, केळी, आंबा, फणसासारखीं फळें धरणारें ब्रेडफ्रूटचें झाड, हें सारें पाहून ‘निसर्गानें येथें मुक्त हस्तानें उधळण केली आहे’ असें तो घरीं लिहितो. वस्तुतः यांपैकीं एकही झाड मूळचें येथलें नव्हे. अकी हें आतां जमैकाचें राष्ट्रीय फळ मानतात. तें पश्चिम आफ्रिकेंतून १७७८ च्या सुमारास गुलामांच्या जहाजावरून आलें. तें पिकून आपोआप उकलण्यापूर्वीं खाल्लें तर विषारी ठरतें, हें ज्ञानही बेटावरच्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या जतन केलेलें आहे. ब्रेडफ्रूटची कथा तर सर्वश्रुतच आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धामुळें तिकडून येणारें धान्य अडलें, त्यांतच लागोपाठ वादळें झालीं, आणि १७८० ते १७८७ या काळांत सुमारें १५,००० गुलाम उपासमारीनें व तज्जन्य रोगांनीं मेले असें बेटाच्या कायदेमंडळानेंच नमूद करून ठेविलें. तेव्हां गुलामांस स्वस्तांत पोसणारें झाड पाहिजे म्हणून ताहितीहून रोपें आणण्याची मोहीम निघाली. कप्तान ब्लाय याच्या ‘बाउंटी’ जहाजावर १७८९ सालीं बंड झाल्यामुळें पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या खेपेस १७९३ सालीं त्यानें तीं रोपें जमैकास पोहोंचविलीं. आज निखाऱ्यावर भाजलेलें ब्रेडफ्रूट पाहुण्यापुढें कौतुकानें ठेवितात.

आंब्याची हकीकत आपणां आंबेवेड्यांस विशेष गोड वाटावी. १७८२ सालीं इंग्लिश आरमारानें मॉरिशसहून हैतीकडे जाणारें एक फ्रेंच जहाज पकडलें. त्यांत निरनिराळ्या रोपांचा संग्रह होता, आणि प्रत्येक रोपास नांवाऐवजीं अंक दिलेला होता. त्यांतील अकराव्या अंकाचा आंबा बेटावर चांगला रुजला. म्हणून आजही त्या जातीस ‘नंबर अकरा’ असेंच म्हणतात. दुसरी एक लोकप्रिय जात ‘बॉम्बे’ या नांवानें ओळखिली जाते. ती मधोमध गोल कापून दोन्ही अर्धुकें उलटसुलट पिळलीं कीं बाठ सुटून येते. तथापि आपल्या देशांतून तेथें केवळ आंबेच गेले नाहींत. १० मे १८४५ रोजीं ओल्ड हार्बर बे येथें हिंदी मजुरांचें पहिलें जहाज लागलें, आणि १९१७ पर्यंत सुमारें ३६,००० माणसें कराराच्या मजुरीवर तेथें उतरलीं. त्यांत बहुसंख्य उत्तर हिंदुस्थानांतलीं होतीं. सुटलेले गुलाम ज्या मजुरीवर काम करण्यास राजी नव्हते, तीच यांच्या वांट्यास आली. त्यांच्या मसाल्यानें शिजविलेलें बकऱ्याचें मटण आज जमैकाच्या लग्नकार्यांतलें मानाचें पक्वान्न आहे. जेवणारा पाहुणा त्यास ‘बेटाची चव’ म्हणून वाखाणतो.

तराफ्यांचा प्रकार असाच. रिओ ग्रँड नदींतून बांबूचे सुमारें तीस फूट लांबीचे तराफे पूर्वीं केळ्यांचे घड घेऊन पोर्ट अँटोनिओ बंदराकडे येत. नदीचा ओघ, खडक व वळणें यांची पुरती माहिती असलेला माणूस लांब काठीनें तराफा हांकी. केळीच्या बागांवर रोग पडले, मालमोटारी आल्या, आणि नदीचें हें काम सुटत गेलें. १९४६ नंतर एरॉल फ्लिन हा हॉलिवुडचा नट येथें येऊन राहिला आणि त्यानें या तराफ्यांवरील सैर पाहुण्यांत लोकप्रिय केली. जेथें घड रचीत तेथें आतां दोघांसाठीं बांकडें बसविलेलें असतें. काठी धरणाराचें कसब मात्र तेंच आहे. ओझें तेवढें बदललें.

रोझ हॉलच्या वाड्यांत इतिहासाची फारच चमत्कारिक दशा झाली आहे. १७७० नंतरच्या दशकांत साखरेच्या पैशांतून बांधलेला हा वाडा पुढें ओस पडला, आणि १९६० नंतर एका अमेरिकन धनिकानें त्याचा जीर्णोद्धार केला. वाटाड्या येथें ॲनी पामर या ‘गोऱ्या चेटकिणी’ची कथा सांगतो. तिनें आपले नवरे मारले, गुलामांचा छळ केला, आणि तिचें भूत अजून हिंडतें, असा त्या कथेचा सारांश. १९२९ सालीं एच. जी. डी लिसर यानें लिहिलेल्या कादंबरीमुळें ती सर्वतोमुखीं झाली. कागदपत्रांत तिला आधार मिळत नाहीं. याउलट ज्या गोष्टीस भरपूर आधार आहे, ती याच मुलखांत घडली. २७ डिसेंबर १८३१ च्या रात्रीं टेंकडीवरील केन्सिंग्टन मळा पेटला. सॅम्युएल शार्प या बॅप्टिस्ट पंथाच्या गुलाम उपदेशकानें, नाताळानंतर मजुरी मिळाल्याशिवाय काम करावयाचें नाहीं, असा निर्धार हजारों लोकांकडून करविला होता. त्याचें रूपांतर बंडांत झालें. तें मोडल्यावर तीनशेंहून अधिक गुलामांस देहान्त शिक्षा झाली, आणि २३ मे १८३२ रोजीं खुद्द शार्पला माँटेगो बेच्या बाजारचौकांत फांशीं दिलें. पुढच्याच वर्षीं पार्लमेंटनें गुलामगिरीबंदीचा कायदा केला. तो चौक आज शार्पच्याच नांवानें ओळखला जातो. एका क्रूर बाईच्या भुतावर सारा दोष ढकलला म्हणजे, ज्या व्यवस्थेंत शेंकडों सभ्य गृहस्थ निवांतपणें नांदत होते तिचा विचार करावा लागत नाहीं. भुताच्या कथेची खरी सोय हीच आहे.

आतां समुद्रस्नानाविषयीं. डॉक्टर्स केव्हचा किनारा १९०६ सालीं डॉ. मॅकॅटी यांनीं स्नानाचा क्लब काढण्यासाठीं गांवास दिला. ज्या गुहेवरून त्यास नांव पडलें ती १९३२ च्या वादळांत नष्ट झाली; पण तोंवर येथल्या पाण्याच्या गुणांची कीर्ति इंग्लंडपर्यंत पोहोंचली होती. मात्र अशा जागीं काळ्या माणसास प्रवेश नसे. कायद्यांत तसें कोठें लिहिलेलें नव्हतें; रिवाजच तसा होता. १९४८ सालीं एव्हन ब्लेक या कृष्णवर्णीय पत्रकारानें किंग्स्टनच्या मर्टल बँक हॉटेलांत शिरून तेथल्या पोहण्याच्या तलावांत सरळ उडी घेतली, आणि बाहेर येण्याचें साफ नाकारलें. त्याच्या त्या एका उडीनें, लेखणीनें कित्येक वर्षांत उघड झालें नसतें तें चव्हाट्यावर आणलें. पण रिवाज गेला तरी कुंपण गेलें नाहीं. १९५६ च्या किनारा-नियंत्रण कायद्यानें समुद्राकांठची पट्टी सरकारच्या ताब्यांत दिली, पण सर्वसामान्य माणसास तेथें जाण्याचा व पोहण्याचा सरसकट हक्क दिला नाहीं. स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावर हॉटेलें वाढत गेलीं, आणि आपल्याच बेटाचा समुद्र आपणांस कुंपणाआडून पाहावा लागतो ही तक्रार न्यायालयांपर्यंत गेली आहे.

इतकें सांगितल्यावर कोणी विचारील कीं, मग प्रवाशानें जाऊंच नये काय? आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. पाहुण्यांवर आज त्या बेटांतील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो, आणि सर्वच स्थळें पाहुण्यांसाठीं सजविलेलीं नाहींत. ६ जानेवारीस अकॉम्पाँग या डोंगरी गांवांत ‘मॅरून’ लोकांचा उत्सव असतो. मळ्यांतून पळून रानांत स्वतंत्र राहिलेल्या लोकांचे हे वंशज. कजो या त्यांच्या पुढाऱ्यानें १७३९ सालीं इंग्रजांस तह करावयास लावलें. त्या तहांत पुढें पळून येणाऱ्या गुलामांस परत धरून देण्याचेंही एक कलम होतें, हेंही विसरूं नये. स्वातंत्र्याची किंमत कधीं कधीं अशी दुसऱ्याच्या पदरांतून दिली जाते. या उत्सवास परका माणूस आला तरी चालतो, पण तो त्याच्यासाठीं नसतो. तेथें पाहुणा हा खराखुरा पाहुणा असतो. यजमान आपल्या घरीं आपलें कार्य करीत असतात.

आमच्या मतें प्रवाशानें हाच भाव मनांत धरून सारें बेट हिंडावें. तराफ्यावर बसावें, पण काठी धरणाराच्या बापजाद्यांनीं त्याच नदींतून काय वाहिलें हें त्यास विचारावें. रोझ हॉल पाहावा, आणि तेथून शार्पच्या चौकापर्यंत जाण्याइतका वेळ राखून ठेवावा. समुद्रांत डुंबण्यापूर्वीं गांवचीं मुलें कोठें पोहतात याची चौकशी करावी. तेवढ्यानें बेटाची शोभा तिळमात्र कमी होत नाहीं; मात्र ती कोणाच्या श्रमानें उभी राहिली हें समजतें, आणि ज्याच्या घरीं आपण उतरलों त्याची ओळख पटते.