लाख, कापूस आणि तीन मिनिटं

रेकॉर्ड चांगली की डिजिटल, हा वाद सहसा विनाईलवरून रंगतो. पण आपल्याकडे माळ्यावर किंवा ट्रंकेच्या तळाशी ज्या जुन्या काळ्या तबकड्या सापडतात, त्यातल्या पुष्कळशा विनाईलच्या नसतातच. त्या लाखेच्या असतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जड, आणि हातातून सुटल्या तर काचेसारख्या फुटणाऱ्या. हा फरक लक्षात घेतला की एका प्रश्नाचे दोन प्रश्न होतात, आणि माझ्या मते त्यांची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत.

आधी लाखेबद्दल. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्याचा हा स्राव. पळस यवतमाळ जिल्ह्याला नवा नाही; लाखेचं मोठं उत्पादन मात्र आजच्या झारखंड आणि छत्तीसगडच्या पट्ट्यातलं. तबकडीत साधारण एक तृतीयांश लाख असे. उरलेला बहुतेक भाग दगडाची बारीक पूड, काळ्या रंगासाठी काजळी आणि तबकडी सहज तुटू नये म्हणून कापसाचे आखूड तंतू. कापसावर जगणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला ही यादी वाचून गंमत वाटते. जुन्या गाण्यांमागे सतत ऐकू येणारी ती खरखर बरीचशी याच दगडाच्या पुडीची. पूड मुद्दाम खरबरीत ठेवत, म्हणजे पोलादी सुई झिजून खाचेत नीट बसे. त्यामुळेच दर बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती.

भारतीय लाखेवर सगळ्या जगाचा तबकडी-धंदा चाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सरकारने लाखेच्या वापरावर निर्बंध घातले. जुन्या तबकड्या गोळा करून त्यांच्यापासून नव्या काढायची वेळ आली. पर्याय म्हणून विनाईल पुढे आलं आणि १९४८ साली कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. आपल्याकडे मात्र लाखेच्या तबकड्या साठीच्या दशकातही निघत होत्या.

भारतातलं व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गौहर जान यांचं गाणं भल्यामोठ्या कर्ण्यासमोर मुद्रित केलं. तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीतल्या हानोव्हरला आणि जहाजाने परत आल्या. गाण्याच्या शेवटी गौहर जान स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारतात. परदेशातल्या कामगारांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून ही सोय होती, असं सांगितलं जातं.

या तंत्राने गाण्यावर एक कडक अट घातली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत लांबणारं बालगंधर्वांचं पद तबकडीवर तेवढ्यातच संपायचं. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनाही अख्खा राग तेवढ्यातच मांडावा लागे. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारं मुद्रण येईपर्यंत खर्ज आणि वरचे सूक्ष्म नाद फारसे उमटतच नसत. म्हणजे ‘जुनी रेकॉर्ड अस्सल गाणं जपते’ हे वाक्य पहिल्यापासूनच अर्धं खरं. तिने गाण्याचा एक तुकडा जपला, तोही तिला पेलेल तेवढाच.

आता पहिला प्रश्न: आज नवीन विनाईल विकत घ्यावं का? कागदावरचं गणित सोपं आहे. १९८२ साली आलेल्या सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. नमुनापद्धतीच्या सिद्धांताप्रमाणे त्यातून साधारण २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी पूर्णपणे परत उभा करता येतो. माणसाचा कान २०,०००च्या पुढे जात नाही. ‘डिजिटलमध्ये ध्वनीच्या पायऱ्या होतात’ हा लोकप्रिय गैरसमज आहे. बाहेर येणारी लहर गुळगुळीतच असते. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल मिळतं, चांगल्या विनाईलवर सत्तरच्या आसपास. शिवाय तबकडीच्या मध्याकडे जाताना खाच आखूड होत जाते आणि आवाज बिघडतो.

मग काहींना विनाईल जास्त गोड का लागतं? एक कारण असं की नव्वदीनंतर अनेक सीडी नुसत्या मोठ्याने वाजाव्यात म्हणून दाबून तयार केल्या गेल्या. तो दोष सीडीचा नाही, ती तयार करणाऱ्यांचा. दुसरं कारण आपल्या समजुतीत आहे. २०२२ साली अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीच्या अभियंत्यांनी मान्य केलं, की त्यांच्या महागड्या विनाईल तबकड्यांच्या निर्मितीत वर्षानुवर्षं डिजिटल टप्पा होता. ‘अॅनालॉगची ऊब’ शोधणाऱ्या रसिकांना तोवर तो ऐकू आला नव्हता. त्याआधी दोनच वर्षं, २०२० मध्ये, अमेरिकेत विनाईलच्या विक्रीचं उत्पन्न १९८६ नंतर पहिल्यांदा सीडीच्या पुढे गेलं होतं. लोक काय विकत घेत होते, हा प्रश्न त्यामुळे विचारण्यासारखा आहे. मोठं वेष्टण, बाजू उलटण्याचा विधी, एका जागी बसून ऐकणं: हे सगळं मोलाचं असू शकतं. फक्त त्याला ध्वनीची गुणवत्ता म्हणू नये. यवतमाळसारख्या ठिकाणी आणखी एक हिशेब आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. टिनाच्या छताखाली किंवा बंद गाडीत ठेवलेलं विनाईल वाकायला वेळ लागत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: ऐकण्यासाठी डिजिटल पुरेसं आहे, पुष्कळदा सरस आहे.

दुसरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो माझ्यासमोर पुसदच्या एका नातेवाइकांच्या घरी आला. घर पाडायचं होतं. ट्रंकेत चाळीसेक लाखी तबकड्या होत्या. ‘तू कॉम्प्युटरवाला, सांग बापू, हे सगळं तर यूट्यूबवर असंनच ना? मग फेकून देऊ काय?’ असं काकांनी विचारलं.

सगळं यूट्यूबवर नसतं. जे असतं तेही पुष्कळदा मूळ तबकडीची नक्कल नसून तिचा अंदाज असतो. खरखर घालवण्याच्या नादात सॉफ्टवेअर वरचे नादही कापतं आणि गायकाचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा होतो. वेगाचा घोळ तर त्याहून मोठा. सगळ्या ‘७८’च्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. ७८ला मुद्रित झालेली तबकडी ८०ने फिरवली तर सूर जवळपास अर्ध्या पट्टीने चढतो, ८२.६ला पूर्ण एक पट्टी, म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी. लयही तेवढीच वाढते. अमुक गायक काळी चारमध्ये गात होता, असं आपण इंटरनेटवरच्या प्रतीवरून ठामपणे सांगतो, तेव्हा ते विधान त्या गायकाबद्दल असतं की कुणाच्या तरी फिरत्या तबकडीबद्दल? हे तपासायला मूळ वस्तूच लागते. तिच्यावरचं लेबल आणि मध्याजवळ कोरलेला क्रमांक यांवरूनच अभ्यासक मुद्रणाचा काळ आणि क्रम लावतात. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि तिच्यासाठी झटणाऱ्या सुरेश चांदवणकरांनी हे काम वर्षानुवर्षं नेटाने केलं आहे.

एकदा हरवलेलं परत येत नाही, याचं मोठं उदाहरण आपल्याच संगीतात आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. मुंबईत ध्वनिमुद्रणाची सगळी सोय असताना त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आपल्याकडे नाही. त्यांची गायकी आपण ऐकतो ती शिष्यांच्या गळ्यातून. त्यातल्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून अवकाशात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, सोबत ती वाजवायची सुई देऊन. त्या भैरवीचं सोनं झालं, कारण कुणीतरी ती आधी तबकडीवर उतरवून घेतली होती.

पुसदच्या तबकड्या फेकल्या नाहीत. त्या स्पिरिटने पुसू नका, एवढं मी आधी सांगितलं. लाख त्यात विरघळते. विनाईलची सुई त्यांना चालत नाही, ७८साठी जाड टोकाची वेगळी लागते. काम साधं आहे: प्रत्येक बाजू एकदाच, योग्य सुईने, काहीही न कापता मुद्रित करायची आणि लेबलचा फोटो सोबत ठेवायचा. तीन मिनिटांच्या उत्तम दर्जाच्या एकपदरी प्रतीला सुमारे ५२ एमबी लागतात. चाळीस तबकड्यांच्या दोन्ही बाजू साडेचार जीबीच्या आत बसतात. खरखर काढायची तर ती दुसऱ्या प्रतीतून काढावी. मूळ तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर, आणि घरात जागा नसेल तर भंगारवाल्याआधी एखाद्या संग्राहकाला विचारावं.