गांजाचा गंध आणि गांजाचा कैफ

गांजाचा वास आणि गांजाचा कैफ ही एकाच द्रव्याची दोन रूपे होत, अशी समजूत पुष्कळ काळ रूढ होती. आणि ती केवळ बाजारातच नव्हे, तर प्रयोगशाळेतही होती. तिचे कारण झाडातच सापडते. गांजाच्या शेतातून नरझाडे वेळीच उपटून टाकतात. मग मादीझाडाच्या फुलोऱ्यात बी धरत नाही आणि त्यावर चिकट राळ साठते. वास व कैफ दोन्ही या राळेतच वसतात. चरस म्हणजे हीच राळ.

१८५७ साली पर्सोन या फ्रेंच रसायनज्ञाने भांगेच्या झाडापासून ऊर्ध्वपातनाने सुगंधी तेल काढले आणि कैफाचे मूळ त्यातच मानले. त्याची चूक १८९६ साली केंब्रिज येथे वुड, स्पायव्ही व ईस्टरफील्ड या त्रयीने उघड केली. त्यांनी चरस तापवून त्याचे घटक एकामागून एक वेगळे केले. प्रथम निघाली ती हलकी, वासाची तेले. त्यांत नशा नव्हती. नशा होती ती सर्वांत शेवटी निघालेल्या दाट, तांबूस तेलात. तेही शुद्ध द्रव्य नव्हतेच, ते मिश्रण होते. खरे मादक द्रव्य १९६४ मध्ये इस्राएलात गाओनी व मेशुलाम यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मेशुलाम यांनी पोलिसांकडून मिळवलेला ५ किलो हशीश बसमधून नेला होता; सहप्रवाशांस काय वाटले असेल, ते असो.

मधल्या काळात सुगंधी तेलाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. त्यांपैकी एक सायमनसन. मद्रास व बंगलोर येथे अध्यापन केलेले आणि भारतीय विज्ञान परिषदेच्या स्थापनेत पुढाकार घेतलेले हे गृहस्थ. १९४२ साली टॉड यांच्यासह त्यांनी इजिप्तच्या हशीशमधील तेलाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. आज त्या तेलातील पुष्कळ घटक परिचित आहेत, आणि ते काही गांजाचीच मिरास नव्हेत. लिमोनीन लिंबाच्या सालीत असते, पायनीन देवदारवर्गीय वृक्षांत, कॅरियोफिलीन मिरी व लवंगेत. पोलिसांचे कुत्रेही मादक द्रव्य हुंगत नाहीत. ते कॅरियोफिलीनपासून बनणारा एक वासाचा पदार्थ ओळखतात, असे १९७३ मध्ये दिसून आले.

तथापि हे सुगंधी पदार्थ निष्क्रिय म्हणून बाजूस सारणेही उतावळेपणाचे ठरले. २००८ साली असे सिद्ध झाले की, कॅरियोफिलीन शरीरातील अशा एका ग्राहीस जाऊन बिलगते, जो मुख्यत्वे रोगप्रतिकारक पेशींवर असतो. त्याने उंदरांची सूज उतरली. कैफ मात्र त्या ग्राहीच्या वाटेने चढत नाही. अमक्या वासाने झोप व तमक्याने उत्साह, ही व्यापाऱ्यांची जाहिरात मात्र पुराव्याच्या फार पुढे धावते. मनुष्यांवरील काळजीपूर्वक प्रयोग मोजकेच आहेत. त्यांतील एक अमेरिकेत २० निरोगी व्यक्तींवर झाला व २०२४ साली प्रसिद्ध झाला. मादक द्रव्याबरोबर लिमोनीनची मोठी मात्रा हुंगवली असता गांजाने येणारी धास्ती कमी झाली. नुसते लिमोनीन दिले असता मात्र वाफेचे सोंग दिल्याहून काही निराळे घडले नाही.