बोहारीण नावाचा फिल्टर

गेल्या काही वर्षांत 'डिक्लटरिंग' हा शब्द भलताच फेमस झालाय. मारी कोंडोबाईंचं पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आलं, आणि मग काय, जो तो कपाट रिकामं करून पिशव्याच्या पिशव्या 'डोनेट' करायला लागला. गंमत म्हणजे आपल्या आया-आज्या हे काम वर्षानुवर्षं करत होत्या. फक्त त्यात दान नव्हतं, सौदा होता!

सौदा अर्थातच बोहारणीशी. आमच्या पिढीने तिला जेमतेम पाहिलंय. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं, वेळ दुपारची. आई जुन्या साड्या, बाबांच्या पँटी बाहेर काढणार आणि बोहारीण एकेक कपडा झटकून उजेडात धरणार. कॉलर घासलीय, चेन तुटलीय, काखेत उसवलंय... सगळे बग्ज तिला दोन मिनिटांत सापडायचे. "ताई, एवढ्यात मोठा डबा नाही बसत, अजून एक साडी टाका." "अगं, एकदाच नेसलेली आहे, बघ तरी नीट!" अशी अर्धा तास हुज्जत. शेवटी स्टीलचा डबा घरात आणि गाठोडं तिच्या डोक्यावर.

हा नुसता टाइमपास नव्हता, यामागे अख्खी सप्लाय चेन होती. मुंबई-दिल्लीत या धंद्यात गुजरातमधून आलेला वाघरी समाज पिढ्यानपिढ्या आहे. दिल्लीच्या रघुबीर नगरात जुन्या कपड्यांचा त्यांचा बाजार भल्या पहाटे भरतो. बरा कपडा शिवून, धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकायचा, कामातून गेलेला सुती कपडा गॅरेजमध्ये पुसायला द्यायचा. खऱ्या जरीची साडी असेल तर जरी जाळून चांदी काढायची. ज्याला काहीच भाव नाही ते बोहारीण दारातच परत करायची, आणि हाच माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. आता सोसायटीच्या गेटवर वॉचमन तिला अडवतो आणि दुपारी घरी तरी कोण असतं म्हणा!

पाश्चात्त्य देशांतही सुरुवात निव्वळ दानाने झाली नव्हती. बोस्टनमध्ये १९०२ साली एडगर हेल्म्स या मेथडिस्ट पाद्र्याने श्रीमंत वस्त्यांतून गोणपाटाच्या पिशव्यांत जुने कपडे, वस्तू गोळा केल्या. त्या फुकट वाटल्या नाहीत. गरीब आणि स्थलांतरितांना दुरुस्तीचं काम दिलं, मजुरी दिली, वस्तू स्वस्तात विकल्या. त्यातून गुडविल उभं राहिलं. थोडक्यात, हेल्म्ससाहेबांनी बोहारणीचंच मॉडेल चालवलं, फक्त चर्चमधून.

यातली तपासणी काढून टाकली की काय होतं, ते २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दिसलं. देशभरातून ट्रक भरभरून जुने कपडे गेले. बरेचसे वापरण्यासारखे नव्हतेच, ते रस्त्याकडेला ढीग होऊन पडले. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण फुकट द्यायचं म्हटलं की इनपुट व्हॅलिडेशन कोण करतंय? ज्याचं घर वाहून गेलंय तो काही "यात डबा नाही बसत" म्हणून कपडा परत करू शकत नाही.

त्या ढिगाऱ्यातले कपडे निवडण्याचं काम ज्यांनी केलं त्यांत 'गूंज' होती. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये घरातल्या ६७ कपड्यांनिशी दिल्लीत ती सुरू केली. (२०१५ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला.) त्यांच्या 'क्लॉथ फॉर वर्क'मध्ये गावकरी विहीर, रस्ता, बंधारा असं गावालाच हवं असलेलं काम ठरवतात, करतात आणि मोबदल्यात कपडे घेतात. दोन्ही बाजूंनी देणं-घेणं, म्हणजे पुन्हा सौदाच! आलेला माल आधी माणसं हाताने निवडतात. विरलेल्या सुती साड्या-चादरीही वाया जात नाहीत, त्या धुऊन त्यांचे सॅनिटरी पॅड बनवतात. आपण 'हे कोण घेणार' म्हणून फेकतो, नेमका तोच माल.