लाल दिवा ते अंधार: ७५ मिनिटं

रात्री घाटात बंद पडलेली गाडी अचानक बंद पडलेली नसते. कित्येक दिवस ती सांगत आलेली असते. खालचा घटनाक्रम कुणा एका कुटुंबाचा नाही. गॅरेजमध्ये नेहमी दिसणारी लक्षणं एकाच प्रवासात ओवून तो मांडला आहे. पेट्रोलवरची छोटी गाडी, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, जुलैचा पाऊस आणि पुण्याहून कराड-पाटणमार्गे चिपळूण.

१२ दिवस आधी

चावी फिरवली की नुसतं टक्-टक्. सेल्फ फिरत नाही. मेकॅनिक म्हणतो, "बॅटरी बसली." नवी बॅटरी लागते, गाडी झटक्यात चालू होते आणि दुखणं बॅटरीचंच होतं असं सगळे धरून चालतात.

पण बॅटरी मुख्यतः दोन कारणांनी बसते. एक तर तिचं आयुष्य संपलेलं असतं, नाहीतर तिला चार्ज करणारा अल्टरनेटर कमी पडत असतो. नवी बॅटरी घातली की दोन्ही वेळा गाडी चालू होतेच. खरं कारण मल्टिमीटरने दोन मिनिटांत सांगितलं असतं. तो कुणी लावला नाही.

३ दिवस आधी

पावसातल्या सकाळी बॉनेटखालून चिरका आवाज येतो आणि मिनिटभरात थांबतो. झिजून गुळगुळीत झालेला पट्टा अल्टरनेटरच्या पुलीवरून घसरतो आहे. आवाज थांबला म्हणून कुणी बॉनेट उघडत नाही.

संध्याकाळी ५.३०, पुणे

गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. बॅटरी अजून भरलेली आहे, त्यामुळे यात नवल नाही.

७.१५, आनेवाडी टोलनाका

रांगेत गाडी उभी असताना हेडलाइट मंद होतात, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उजळतात. अल्टरनेटर कमी पडत असल्याची ही सगळ्यांत ओळखीची खूण. नुसती बॅटरी खराब असेल तर त्रास मुख्यतः सुरू करताना होतो. एकदा इंजिन चालू झालं की दिवे सहसा स्थिर राहतात.

८.५०, कराड

डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा आता विझत नाही. चालक म्हणतो, "बॅटरी तर नवीच आहे, सेन्सर बिघडला असेल." इथेच घात होतो. चित्र बॅटरीचं असलं तरी तो दिवा चार्जिंग होत नसल्याचं सांगतो. इथून पुढे गाडी बॅटरीत साठलेल्या विजेवर चालणार आहे.

हिशेब सोपा आहे. दोन हेडलाइटना १० अँपिअरच्या आसपास, वायपरला ४-५, पेट्रोल पंप, इग्निशन आणि इंजिनच्या संगणकाला मिळून ८-१०. एसी आणि ब्लोअर बंद ठेवूनही २२ अँपिअरच्या पुढेमागे. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी एवढ्या ओझ्याखाली पूर्ण क्षमता देत नाही. हातात साधारण सव्वा तास उरतो. कराडात मुक्कामाची सोय आहे, सकाळी ऑटो इलेक्ट्रिशियन भेटेल. गाडी मात्र कोयनेच्या रस्त्याला लागते.

९.२०, पाटण

वायपर रेंगाळू लागतात. गाडी थांबवून मुक्काम करण्याची चांगली संधी इथेही आहे. पण रस्ता दिसतो आहे, इंजिन चालतं आहे, म्हणून प्रवास सुरूच राहतो.

९.५०, कोयनानगर

एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टीअरिंग असे एकेक दिवे लागत जातात. वाटतं, गाडीत एकदम चार बिघाड झाले. बिघाड एकच आहे: व्होल्टेज उतरलं, म्हणून एकेक यंत्रणा काम सोडते आहे. हेडलाइट पिवळे पडले आहेत आणि बाहेर दाट धुकं आहे.

१०.०५, कुंभार्ली घाट

उतारावर इंजिन आचके देतं आणि बंद पडतं. स्टीअरिंग जड होतं. ब्रेकला साठलेल्या व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांपुरतीच मिळते. गाडी कशीबशी डावीकडे, वळणाच्या तोंडाशी थांबते. हॅझर्ड लाइटचं बटण दाबलं तरी ते लागत नाहीत, कारण त्यांची वीजही त्याच बॅटरीची. त्रिकोणी रिफ्लेक्टर डिकीत सामानाखाली आहे. बाकीचे उतरून कठड्यापलीकडे उभे राहतात. चालक आत बसून सेल्फ मारत राहतो.

१०.२०

वळणावरून उतरणाऱ्या ट्रकला अंधारातली गाडी दिसते तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेलं नसतं. गाडीचा मागचा भाग चेपतो. चालक गंभीर जखमी होतो.

हे कुठे थांबवता आलं असतं

पहिल्याच दिवशी, गॅरेजमध्ये. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली आहे. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजायचं. आकडा १३ च्या खाली जाऊन उतरतच राहिला तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा, कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर तपासायचा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बॅटरीला जाळतो आहे. चार्जिंग नीट असूनही सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर संशय बॅटरीवर. त्याआधी टर्मिनल मात्र साफ करून घट्ट आवळायचे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी रीत आजच्या गाडीवर कधीही वापरू नये. त्या झटक्याने अल्टरनेटरचे डायोड आणि इंजिनचा संगणक जळू शकतो.

वाटेत लाल दिवा लागून राहिला तर ब्लोअर आणि मोबाइल चार्जर बंद करा, इंजिन मध्येच बंद करू नका आणि वस्तीच्या पहिल्या उजेडात थांबा. गाडी रस्त्यातच बंद पडली तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग रिफ्लेक्टर मागे लांब ठेवा. आणि नव्या बॅटरीचे पैसे देण्याआधी मेकॅनिकला सांगा, "इंजिन चालू ठेवून, लाइट लावून चार्जिंग मोजून दाखवा." हे मागायला कुणी संकोच करू नये.