काचेच्या कडेची सावली

वास्तववादाची चर्चा करताना आपण ‘आरसा’ आणि ‘प्रतिबिंब’ हे शब्द अगदी सहज वापरतो. डोळ्यात जगाचे चित्र उमटते आणि मेंदू ते जसेच्या तसे स्वीकारतो, ही समजूत त्यामागे असते. तिला तडा देणाऱ्या एका प्रयोगाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही जाणून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

१९५८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे तरुण संशोधक भूल दिलेल्या मांजरीच्या मेंदूतील दृष्टिकेंद्रात एकेका पेशीचे विद्युत्संदेश ऐकत होते. दृष्टिपटलातील पेशी प्रकाशाच्या ठिपक्याला प्रतिसाद देतात, हे त्यांचे मार्गदर्शक स्टीफन कफलर यांनी आधीच दाखवले होते. म्हणून हे दोघेही ठिपका चिकटवलेली काचपट्टी वापरत. पेशी तासन् तास गप्पच. मग एकदा पट्टी यंत्रात सरकवताना ध्वनिवर्धकातून अचानक तडतडाट सुरू झाला. ठिपक्याचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता. पट्टीच्या कडेची पुसट सावली दृष्टिपटलावरून सरकली होती, आणि त्या विशिष्ट कलाच्या रेघेला पेशीने दाद दिली होती. याला निव्वळ योगायोग म्हणणे आम्हांला पटत नाही. कड दिसूनही ठिपक्यालाच चिकटून राहणारे संशोधक काही कमी नसतात.

पुढे हळूहळू सारी व्यवस्था उलगडली. काही पेशी उभ्या रेघेच्या, काही आडव्या, काही तिरक्या. मेंदूच्या पृष्ठभागापासून सरळ खाली गेले तर एकाच कलाच्या पेशी भेटतात. बाजूला सरकले की कल फिरत जातो, माकडात दर ०.०५ मिलिमीटरला सुमारे १० अंशांनी. तिथेच डाव्या आणि उजव्या डोळ्याचे पट्टे आलटूनपालटून, जेमतेम अर्ध्या मिलिमीटर रुंदीचे. म्हणजे चित्र असे कुठे नाहीच. आहेत त्या कडा, आणि दोन डोळ्यांनी वाटून घेतलेली जागा.

ही वाटणी जन्मतःच कायमची ठरत नाही, हे १९६३ च्या प्रयोगांनी दाखवले. त्यांत मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही आठवडे शिवून बंद ठेवला होता. क्रौर्याचा हा भाग विज्ञानाच्या गौरवकथांत बहुधा एका वाक्यात उरकला जातो, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवतो. टाके काढल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूतील जवळजवळ सर्व पेशी उघड्या डोळ्याच्या झाल्या होत्या. दोन्ही डोळे बंद ठेवले तेव्हा मात्र हानी अपेक्षेपेक्षा कमी झाली. कारण होते ती नुसती उपासमार नव्हे, जागेसाठीची चढाओढ. प्रौढ मांजरात असे काहीच घडले नाही.

१९८१ चे नोबेल रॉजर स्पेरी यांच्यासह या दोघांना मिळाले. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच करावी, या आजच्या आग्रहामागे याच कामाचा आधार आहे. पण ‘वेळ टळली’ म्हणून मोठ्या मुलांना परत पाठवणे कितपत योग्य? पवन सिन्हा यांच्या ‘प्रकल्प प्रकाश’ने भारतात ८ ते १७ वर्षांच्या अशा मुलांवरील उपचारांनंतरचे निरीक्षण २०११ साली प्रसिद्ध केले. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना प्रथम नजरेने ओळखता येईना. काही दिवसांतच येऊ लागली.