छायाचित्रातील अंतर्नोंदी

छायाचित्रातील अंतर्नोंदी : छायाचित्र केव्हा, कोठे, कोणत्या कॅमेऱ्याने व किती उद्भासनकाल ठेवून घेतले, यांविषयीची जी माहिती अंकीय छायाचित्राच्या फाइलीतच साठविलेली असते, तिला अंतर्नोंदी किंवा रूढ भाषेत मेटाडेटा म्हणतात.

चित्रासोबत त्याचा वृत्तांत जपण्याची गरज मात्र पुष्कळ जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. तेथील विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रमालेत चित्रांबरोबर छापील वर्णन असे. परंतु चित्र व वर्णन वेगळ्या कागदांवर असले, की कालांतराने त्यांची फारकत होते. कोडॅक कंपनीने १९१४ मध्ये यावर एक चतुर उपाय काढला. तिच्या ‘ऑटोग्राफिक’ कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहान झडप उघडून फिल्मवरच टोकदार लेखणीने तारीख व स्थळ लिहिता येई.

अंकीय कॅमेऱ्यांसाठी जपानी इलेक्ट्रॉनिकी उद्योगांच्या संघटनेने १९९५ मध्ये ‘एक्झिफ’ हे मानक तयार केले. त्याची बांधणी ऑल्डस कंपनीच्या १९८६ मधील ‘टिफ’ या रचनेवरून घेतलेली आहे. जेपेग फाइलीच्या प्रारंभाजवळ ६५,५३५ बाइटांपेक्षा मोठा नसणारा एक खंड असतो. त्यात बाइटांचा क्रम सांगणारी दोन अक्षरे, मग ४२ हा ओळखीचा अंक आणि त्यानंतर नोंदींची सूची येते. प्रत्येक नोंद नेमकी १२ बाइटांची असते : खूणक्रमांक, प्रकार, संख्या आणि प्रत्यक्ष मूल्य किंवा ते जेथे आहे ते स्थान. चित्र घेतल्याच्या वेळेचा खूणक्रमांक ३६८६७ आहे. तो हवा असल्यास बाकीच्या नोंदी ओलांडून थेट तेथे जाता येते.

वाचनाच्या कार्यक्षमतेचे मर्म येथेच आहे. १ कोटी २० लक्ष चित्रबिंदूंचे चित्र पूर्ण उलगडले, तर प्रत्येक बिंदूस ३ बाइट धरून संगणकाच्या स्मृतीत सुमारे ३ कोटी ६० लक्ष बाइट व्यापले जातात. तारीख मात्र २० बाइटांत मावते. मायक्रोसॉफ्टच्या ‘डॉट नेट’वर सी शार्प वा व्हिज्युअल बेसिक या भाषांत आज्ञावली लिहिणारे अनेक जण केवळ तारखेसाठी सबंध चित्र उलगडत आणि हजारो चित्रांच्या संग्रहापुढे त्यांची आज्ञावली रेंगाळे. २००५ मधील आवृत्तीत चित्राची पडताळणी न करता ते उघडण्याची सोय झाल्याने हा विलंब बराच घटला. त्याहूनही सरस मार्ग म्हणजे फाइलीचा आरंभीचा भाग तेवढा स्वतः वाचणे. फिल हार्वी यांनी २००३ मध्ये पर्ल भाषेत रचलेल्या ‘एक्झिफटूल’ने तर असंख्य कॅमेऱ्यांच्या खाजगी नोंदीही वाचनीय केल्या.

वाचन वेगवान झाले, तरी काय लिहिता येते याची मर्यादा राहिलीच. रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे येथील किनाऱ्यावर घेतलेल्या चित्रात सुमारे १७° ९′ उ. अक्षांश व ७३° १६′ पू. रेखांश हे स्थान अंश, कला व विकला अशा तीन अपूर्णांकांत अचूक नोंदले जाई; परंतु ‘गणपतीपुळे’ हे नाव वर्णनाच्या नोंदीत देवनागरीत लिहिण्याची तरतूद नव्हती, कारण ती नोंद आस्की वर्णांपुरतीच होती. ॲडोबीच्या २००१ मधील ‘एक्सएमपी’ पद्धतीत ही अडचण दूर झाली. मूळ एक्झिफ मानकात यूटीएफ–८ लिपिसंकेतास स्थान मिळण्यास २०२३ साल उजाडावे लागले. वेळेच्या बाबतीतही असेच घडले. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे की परदेशचे, हे सांगणारी नोंद २०१६ पूर्वी मानकात नव्हती. परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या कॅमेऱ्यात गणपतीपुळ्याचा सूर्यास्त भर दुपारचा म्हणून नोंदला गेला, तर तो दोष आज्ञावलीचा नव्हे.

संदेशवहनाच्या अनेक प्रणाली चित्र पाठविताना या नोंदी काढून टाकतात. घराचे स्थान परक्याच्या हाती जाऊ नये, या दृष्टीने ते हितावह असले, तरी अशा मार्गाने आलेल्या प्रतींवरून ग्रामदैवताच्या उत्सवाचा चित्रसंग्रह रचणाऱ्यास पुन्हा वही घेऊन बसावे लागते.