मुळशी प्रकल्प आणि लाभहानीचा हिशेब

वीजप्रकल्पाचा लाभ आणि त्यासाठी द्यावी लागणारी किंमत यांची तुलना करावयाची, तर तराजूच्या पारड्यांत काय घातले गेले याइतकेच काय घातले गेले नाही, हेही पाहिले पाहिजे. या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात १९२१ ते १९२४ या काळात झालेला सत्याग्रह विशेष अभ्यसनीय आहे.

प्रकल्पामागील हेतू क्षुल्लक नव्हता. मुंबईच्या कापडगिरण्या दूरवरून येणाऱ्या कोळशावर अवलंबून होत्या. सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊस अडवून तो कोकणात उतरविल्यास स्वस्त आणि धूररहित शक्ती मिळते, हे टाटांच्या खोपोली येथील केंद्राने १९१५ साली सिद्ध केले होते. निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळील धरण ही त्याच मालिकेतील पुढची पायरी होती.

तथापि, ज्या खोऱ्यात हे पाणी साठणार होते, ते आंबेमोहोर भात पिकविणारे होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये बाजारभाव आणि त्यावर शेकडा १५ टक्के एवढा मोबदला देय होता. मालकाचे 'नाही' हे उत्तर मात्र त्या कायद्याला ठाऊक नव्हते. यात आणखी एक गुंता होता. पेट्यातील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेली होती आणि मावळे ती कुळे म्हणून कसत होते. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात या भेदावर भर दिला आहे, तो यथार्थ होय. सावकाराला जमीन म्हणजे भांडवल. त्याचा वाद अखेर किमतीचा ठरतो. कुळाला तीच जमीन म्हणजे उपजीविका आणि गाव. त्याचा वाद किमतीने मिटत नाही. 'स्थानिक विरोध' या एकाच शब्दाखाली असे दोन भिन्न विरोध वावरत होते.

१९२१ च्या रामनवमीस सत्याग्रहास प्रारंभ झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो चालविला. परंतु सावकारवर्ग मोबदल्याकडे वळला, तसा लढा क्षीण होत गेला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी सशस्त्र प्रतिकार केला व त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिरा येथील केंद्र सुरू झाले.

या सर्व वादात एक बाब जवळजवळ अनुल्लेखित राहिली. ती म्हणजे नदी. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेस भीमेकडे, म्हणजे पर्जन्यछायेच्या प्रदेशाकडे जाते. प्रकल्पाने ते पश्चिमेस वळवून कुंडलिकेच्या खोऱ्यात सोडले. एका तुटीच्या खोऱ्यातून अतिवृष्टीच्या कोकणाकडे झालेले हे स्थलांतर होते. त्या काळी त्याचा बोजा कोणाच्याही खात्यावर मांडला गेला नाही. पुढे कृष्णा पाणीतंटा लवादाला मात्र पश्चिमेकडील या वळवणीवर मर्यादा घालावी लागली, आणि अवर्षणाच्या वर्षी हे पाणी पूर्वेकडे सोडावे, अशी मागणी भीमेच्या खोऱ्यातून वारंवार होत आली आहे. बुडालेल्या गावांना निदान बोलता तरी आले. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला आपण पक्षकार आहोत, याची जाणीवही नव्हती.

यावरून प्रकल्प मुळात अयोग्य होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. गिरण्यांना शक्ती हवी होती आणि कोळसाही निर्दोष नव्हता. दोष होता तो हिशेबाच्या कक्षेत व क्रमात. भूमी आधी ताब्यात आणि विचार मागाहून, हा तो क्रम. १९९४ पासून पर्यावरणीय परिणामांचे आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यान्वये सामाजिक परिणामांचे पूर्वमूल्यमापन आवश्यक ठरले. भूमीवर जगणाऱ्या बिनमालक कुटुंबांनाही त्या कायद्याने बाधितांत स्थान दिले. मुळशीच्या कुळाला जे १९२१ साली म्हणावयाचे होते, ते कायद्याच्या भाषेत येण्यास ९० हून अधिक वर्षे लागली. खालच्या अंगाच्या नदीखोऱ्याची कक्षा कोठवर धरावी, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या वेळी पुन्हा विचारावाच लागतो.